कार्डावर झालं, मंग बैल कायले इकला?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत उपचारांच्या सरकारी योजनेची फाइल माझ्या टेबलावर आली. वर हिरव्या शाईत साहेबांचा शेरा होता, 'त्रयस्थ संस्थेमार्फत मूल्यमापन करून घ्यावे', आणि खाली माझं नाव. मी जिल्हा परिषदेत सांख्यिकीचा माणूस. संशोधनाशी माझा संबंध एवढाच, की दर महिन्याला तालुक्यांकडून आलेले तक्ते बेरजा जुळेपर्यंत परत पाठवायचे. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही आकड्यातले, तुमच्याशिवाय कोण करणार?" सरकारी भाषेत याचा अर्थ असा, की दुसरं कोणी तयार झालेलं नाही.

जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. पश्चिम विदर्भातला, कापसाचा, आणि शासनाच्या कागदावर शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या १४ जिल्ह्यांपैकी एक, एवढं पुरे. त्या नोंदीमुळे आमच्याकडे शुभ्र शिधापत्रिकेवाल्या शेतकऱ्यांनाही महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होती; इतर बऱ्याच जिल्ह्यांत तेव्हा फक्त पिवळ्या-केशरी कार्डांना होती. ही योजना म्हणजे २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी. २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारतशी जोडली गेली. गावात अजूनही तिला 'जीवनदायी'च म्हणतात. सर्वेक्षणाच्या प्रश्नात 'महात्मा फुले' लिहिलं की अर्धे लोक 'नाही घेतली' सांगतात, हे आम्हाला पुढे कळलं.

फाइल निघाली ती जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीतल्या एका सवालावरून. एका सदस्याने विचारलं होतं, "ऑपरेशन फुकट होते म्हणता, मग लोक दवाखान्यापायी सावकाराकडे का जातात?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. आमच्याकडे मंजूर दावे, नाकारलेले दावे आणि रुग्णालयांना दिलेली रक्कम यांचे आकडे होते. सावकाराचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. मग ठरलं, की 'नावीन्यपूर्ण योजना' या शीर्षाखाली अभ्यास करायचा, बाहेरच्या लोकांकडून करून घ्यायचा, आणि अहवाल वर धोरण ठरवणाऱ्यांकडे पाठवायचा.

बाहेरच्यांकडूनच का, हे मलाही आधी पटलं नव्हतं. आमच्याकडे गावोगावी आशा आहेत, आरोग्यसेवक आहेत. पण आशाताईने विचारलं, "दवाखान्यात काही त्रास झाला का जी?" तर समोरची बाई तिच्या तोंडावर 'झाला' कशी म्हणेल? उद्या बाळंतपणाला तीच येणार आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्याच योजनेतली भोकं शोधून त्यावर सही करण्याची हौस कार्यालयात कोणालाच नसते. मलाही नव्हती.

पहिली चूक माझीच. 'कामाची व्याप्ती' हा निविदेचा गाभा असतो: काय शोधायचं, कुणाला विचारायचं, किती दिवसांत आणि काय हाती द्यायचं. तो मी दुसऱ्या विभागाच्या जुन्या निविदेवरून उतरवून घेतला. ती शौचालय वापराच्या सर्वेक्षणाची होती. शब्द बदलत गेलो, पण सहाव्या पानावर 'लाभार्थी शौचालयाचा नियमित वापर करतो किंवा कसे' हे वाक्य तसंच राहिलं. तीन जणांच्या सह्या होऊन फाइल परत आली तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही. ते एका बोलीदाराने पकडलं.

पात्रतेच्या अटीही तिथूनच आल्या होत्या. तीन वर्षांची मोठी वार्षिक उलाढाल, आयएसओ प्रमाणपत्र, शंभराच्या वर मनुष्यबळ. या अटींत कोण बसतं ते निविदापूर्व बैठकीत दिसलं. पुण्याची एक सर्वेक्षण कंपनी आली होती, आणि नागपूरची एक संस्था, जी कार्यालयांना डेटा एन्ट्री ऑपरेटर आणि सुरक्षारक्षकही पुरवते. ज्यांना हा विषय खरोखर कळतो असे दोघे मागच्या खुर्च्यांवर बसले होते. एक कॉलेजचे प्राध्यापक आणि एका लहान न्यासाकडून आलेल्या मॅडम. दोघांची उलाढाल आमच्या अटीच्या जवळपासही नव्हती.

त्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "नमुना कुठून घ्यायचा?"

मी म्हटलं, "योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीतून."

"मग जे दवाखान्याच्या दारातून परत गेले, किंवा गेलेच नाहीत, ते कुठे सापडतील?"

आमचे लेखाधिकारी सरळ मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, जो लाभार्थीच नाही त्याचं मूल्यमापन कसं करता येईल?" सगळे हसले. मीही हसलो. जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडला, आणि पहिला घास घेताना मला घरचीच गोष्ट आठवली. माझ्या काकूचं गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढलेलंच नव्हतं. ती दारातून परत आली, मग खासगीत करून घेतलं, आणि काकांनी दोन एकर मक्त्याने दिले. आमच्या कुठल्याही यादीत काकू नाही. 'कामाची व्याप्ती' मी जशी लिहिली होती, तिच्यावर लाखो रुपये खर्च करूनही ती सापडली नसती. सावकाराचा सवाल ज्यांच्यामुळे उठला त्यांनाच वगळून मी निविदा लिहिली होती.

शुद्धिपत्रक काढायला तीन आठवडे लागले. त्यात तीन गोष्टी बदलल्या. अर्धा नमुना दाव्यांच्या नोंदीतून, अर्धा गावांतून: चिठ्ठ्या टाकून गावं निवडायची, निवडलेल्या गावात घरोघरी यादी करायची, आणि वर्षभरात कोणाला भरती व्हायला सांगितलं होतं ते विचारायचं, मग तो भरती झालेला असो वा नसो. उलाढालीची अट खाली आणली. आयएसओची अट काढली आणि त्या जागी मागितलं, 'आधी केलेल्या दोन अभ्यासांचे पूर्ण अहवाल, प्रश्नावलीसह'. अहवाल वाचला की संस्थेची कुवत लगेच कळते. प्रमाणपत्रावरून काहीच कळत नाही.

लेखाधिकाऱ्यांशी खरी लढाई गुणांकनावर झाली. त्यांचं म्हणणं, सर्वांत कमी दर देईल त्याला काम द्या, नाहीतर ऑडिटमध्ये परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, लागेल. त्यांची भीती खोटी नव्हती. नोकरीचा शेवट त्यांना परिच्छेदाशिवाय करायचा होता. पण अभ्यास म्हणजे खुर्च्यांची खरेदी नव्हे. सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजण्याची पद्धत नियमांतच आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ती सरळ लिहिलेली आहे. आम्ही गुणवत्तेला ७० आणि दराला ३० असं प्रमाण धरलं. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा एकाला तांत्रिक गुण ६५ आणि त्याचा दर १० लाख, दुसऱ्याला ८५ गुण आणि दर १४ लाख. सर्वांत कमी दरवाल्याला दराचे पूर्ण १००, दुसऱ्याला १० भागिले १४ गुणिले १००, म्हणजे ७१.४३. पहिल्याची बेरीज ४५.५ अधिक ३०, झाले ७५.५. दुसऱ्याची ५९.५ अधिक २१.४३, झाले ८०.९३. महाग असूनही दुसरा पुढे जातो, पण दर दुप्पट लावला तर जात नाही. त्यांनी दोनदा कॅल्क्युलेटर चालवला आणि म्हणाले, "हे टिपणीत असंच्या असं लिहा. उद्या मी नसेन, पण कागद बोलेल." लिहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी मी माझा एक प्रश्न ठेवला होता. आमच्या जिल्ह्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, काही भागांत गोंडी बोलतात, आणि बाकी सगळीकडे वऱ्हाडी. म्हणून विचारलं, "तुमच्या अन्वेषकांपैकी कोलामी कोणाला येते?" पुण्याच्या कंपनीचे गृहस्थ म्हणाले, "सर, सगळ्यांनाच मराठी येते." न्यासाच्या मॅडम म्हणाल्या, "आत्ता कोणालाच नाही. पोडावरची बारावी झालेली दोन मुलं घ्यावी लागतील, आणि त्यांचं प्रशिक्षण वेगळं करावं लागेल. त्याचे दिवस आम्ही दरात धरले आहेत." 'येत नाही' सांगून गुण मिळवणारा बोलीदार मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरी एक गोष्ट मला नंतर कळली, आणि पुढे कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल. निविदेत नावं मोठमोठी येतात: डॉक्टरेट, वीस वर्षांचा अनुभव, फोटोसह. काम मिळालं की ती नावं दिसत नाहीत आणि गावात नवखी पोरं फिरतात. म्हणून करारात घातलं, की ज्यांच्या नावावर गुण दिले त्यातला माणूस बदलायचा तर आमची लेखी परवानगी लागेल, आणि मुख्य संशोधक स्वतः किमान १५ दिवस गावांत असेल. या एका अटीवर एका संस्थेने माघार घेतली.

काम न्यासाला मिळालं. करारावर सही होण्याआधी पुन्हा अडलं, आणि या वेळी चूक वेगळी होती. आमच्या नेहमीच्या मसुद्यात कलम असतं, 'अहवाल व सर्व माहिती ही कार्यालयाची मालमत्ता राहील, परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही'. मॅडम म्हणाल्या, मालमत्ता तुमची, हरकत नाही, पण परवानगी कधीच आली नाही तर? मी म्हटलं, येईल की. त्यांनी फक्त हसून माझ्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे २००९ पासूनचे अहवाल आहेत, काहींची प्लास्टिकची आवरणंही निघालेली नाहीत. तीन बैठकांनंतर तोड निघाली: अंतिम अहवाल जमा झाल्यापासून ६० दिवसांत कार्यालयाने लेखी हरकत घेतली नाही, तर रुग्णांची ओळख काढून टाकून निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील. वरून मंजुरी यायला महिना गेला. मंजुरी कशी आली ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, ते पान कोणी वाचलंच नाही.

याच सुमारास, २८ जुलै २०२३ ला शासन निर्णय निघाला: योजना सर्व कुटुंबांना, आणि वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर. आमच्या प्रश्नावलीत 'दीड लाखाची मर्यादा संपली का?' असा प्रश्न होता. आता काय करायचं? मॅडम म्हणाल्या, निर्णय निघणं वेगळं आणि लागू होणं वेगळं, प्रश्न राहू द्या. तसंच झालं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून आला.

मग रुग्णांची यादी. मी भाबडेपणाने एक्सेल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवलं होतं: नाव, गाव, मोबाइल, आजार, रक्कम. मॅडमनी ते घ्यायला नकार दिला. आधी संस्थात्मक नीतिसमितीची मान्यता, मग रुग्णांची संमती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, सरकारी काम आहे, त्याला कशाची संमती? त्या म्हणाल्या, "या यादीत कर्करोगाच्या, गर्भपाताच्या नोंदी आहेत. तुमच्या बहिणीचं नाव असतं तर?" पेन ड्राइव्ह मी परत खिशात घातला. शेवटी आरोग्यमित्रांमार्फत, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्यांमार्फत, आधी निरोप गेला, ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच नावं पुढे दिली. त्यामुळे नाराज रुग्ण थोडे गळले असतील, हे अहवालाच्या मर्यादांमध्ये लिहिलेलं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये प्रश्नावली तपासायला दोन गावांत गेलो. हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत चांगला दिवस. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, म्हणून माणसं संध्याकाळी सहानंतरच भेटत. पहिल्याच घरी पासष्टीचा एक शेतकरी, हृदयात स्टेंट टाकलेला. अन्वेषक मुलीने विचारलं, "मागील ३६५ दिवसांत आंतररुग्ण उपचारांवर स्वतःच्या खिशातून एकूण किती खर्च झाला?" ते ३६५ दिवस राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून आले होते. २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत तसंच विचारलं होतं, आणि तुलना करता यावी म्हणून आम्ही ते उचललं होतं. आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काई नाई लागलं जी. कार्डावर झालं."

मुलीने शून्य लिहिलं. मी गोठ्याकडे पाहत होतो. दावणीला एकच बैल होता, शेजारची जागा रिकामी. न राहवून विचारलं, "बाबा, जोडी नाही दिसत?"

"थो एक इकला."

"कायले?"

"नागपूरले जाणं-येणं, पोराचं राहणं, खाणं. काही गोया-औषधी बाहेरून लागल्या. पोराची मजुरी बुडाली थे येगळीच."

"मग मघाशी काही लागलं नाही म्हणालात?"

"दवाखान्याले नाई लागलं नं, भाऊ. बैल तं जाण्यायेण्यातच गेला."

शून्य खोडलं गेलं. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात बसून प्रश्नावली उलटी केली. आधी विचारायचं, या दुखण्यापायी घरातून काय विकलं, काय गहाण टाकलं, उसने कुणाकडून आणले. मग कोण सोबत राहिलं, किती दिवस मजुरी बुडाली. खर्चाचा आकडा शेवटी. ३६५ दिवसांऐवजी 'मागच्या पोळ्यापासून'. आणि 'महात्मा फुले' शेजारी 'जीवनदायी'. नमुना, दर, कलमं यांवर आम्ही नऊ महिने घालवले होते. या बदलाला दोन तास लागले आणि चहाच्या तीन फेऱ्या.

त्याच गावात एक म्हातारी भेटली. तिचं माहेर सेवाग्रामच्या बाजूचं. तिकडे कस्तुरबा रुग्णालयाने सरकारी योजनांच्या कितीतरी आधी गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन आरोग्याचा विमा चालवला होता. तिला ते नीट आठवत होतं. म्हणाली, "तवा ज्वारी देत होतो, म्हणून हक्कानं भांडतबी होतो. आता फुकट हाय तं कोणाले बोलाव?" प्रश्नावलीत याला रकाना नव्हता. मुलीने ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

मलाही त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी खरंतर आधीच माहीत असायला हवी होती. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आहे, सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी आहे, आणि घरी परतायचं एसटीचं भाडंही आहे. दोन गावांत मिळून हे माहीत असलेला एकही माणूस भेटला नाही. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बैलाचं एक शिंग तं वाचलं असतं."

मुख्य सर्वेक्षण फेब्रुवारीत सुरू झालं आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. अन्वेषक गावात शिरले की लोक विचारत, "कोणत्या पार्टीचे?" काही घरांत चहा मिळाला तो चुकीच्या समजुतीवर. एका सरपंचाने तर पोरांना थांबवून ठेवलं आणि मला फोन केला. आम्ही परवानगीचं पत्र लॅमिनेट करून प्रत्येकाच्या गळ्यात अडकवलं, तरी मतदान होईपर्यंत दोन तालुके थांबवावे लागले. दुसरा हप्ता त्यामुळे लांबला, आणि लहान न्यासाला हप्ता लांबणं म्हणजे काय हे मला अन्वेषकांचे पगार थकले तेव्हा कळलं. पुढच्या करारात पहिला हप्ता मोठा ठेवायचा, हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

अंतिम अहवाल ५ जुलै २०२४ ला जमा झाला. त्यातले आकडे इथे देत नाही, तो हक्क अजून माझा नाही. सादरीकरणात एका वरिष्ठांनी विचारलं, "आता तर ५ लाख झाले, जुन्या मर्यादेचा अभ्यास काय कामाचा?" मॅडमनी पडद्यावर आजोबांचा गोठा दाखवला. माणूस नव्हता, फक्त रिकामी दावण, आणि त्यासाठीही संमतीपत्र घेतलेलं. म्हणाल्या, मर्यादा दीड लाख असो की ५ लाख, हा खर्च तिच्या बाहेरच राहतो. खोलीत कोणी काही बोललं नाही. चहा आला.

लेखाधिकाऱ्यांनी शेवटच्या देयकाची फाइल परत पाठवली आहे. व्याप्तीत २५ प्रती म्हटलं होतं, २० च आल्या. पाच प्रती मागवल्या आहेत.

हरकतीचं पत्र अजून निघालेलं नाही. कोणी काढा म्हटलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. टेबलावरच्या कॅलेंडरवर ६० वा दिवस मोजून पेन्सिलीने गोल केला आहे. ३ सप्टेंबर, तान्हा पोळा.